कानशीने बसवलेले पिस्तूल महाग का असते?

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : गेली अकरा वर्षे मी नोकरीनिमित्त टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ राहतो. तीनेक वर्षांपासून रविवारी सकाळी रेंजवर जाऊन कागदी लक्ष्यावर नेम धरण्याचा छंद लागला आहे. आजवर मित्राच्या पिस्तुलावर भागवले, आता स्वतःचे घ्यावे असे वाटते. दुकानात '१९११' या जुन्या धाटणीची, .४५ बोअरची दोन पिस्तुले पाहिली. एक कारखान्यातले, सुमारे ९०० डॉलरचे, आणि दुसरे एका कारागिराने हाताने जुळवलेले, ३,९०० डॉलरचे. मला तरी दोन्ही सारखीच दिसली. दुकानदार म्हणतो, की दुसरे पिस्तूल म्हणजे सोने आहे, त्याची किंमत कधी उतरत नाही. पत्नीचे मत याच्या नेमके उलट आहे. आपले काय मत आहे?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : दुकानदाराने दिलेली सोन्याची उपमा त्याच्या नकळत अगदी अचूक ठरली आहे. दागिना घडवताना आपण सोन्याचे पैसे देतो आणि वर घडणावळ देतो. तोच दागिना पुढे मोडायला नेला, तर सराफ सोन्याचे पैसे हाती ठेवतो आणि घडणावळीचा विषयही काढत नाही. आपण पाहिलेल्या दोन पिस्तुलांमधला ३,००० डॉलरचा फरक बव्हंशी घडणावळीचा आहे. ही घडणावळ खोटी नाही, तिच्यामागे खरे काम असते. मात्र ते काम आपल्या उपयोगाचे आहे का, आणि विकताना त्याचे पैसे परत मिळतात का, हे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि दुकानदाराने ते एकाच वाक्यात उरकले आहेत.

हे काम मुळात का करावे लागले, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले आणि हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्याने बनवलेले हे पिस्तूल अमेरिकी लष्कराने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले; त्याचे नाव त्या सालावरूनच पडले. त्याआधीच्या अखेरच्या चाचणीत त्यातून ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या, पिस्तूल फार तापले की ते पाण्यात बुडवून गार केले जाई, आणि तरीही ते एकदाही अडकले नाही; प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तूल त्याच चाचणीत ३७ वेळा अडखळले. या विश्वासार्हतेमागे जी अनेक कारणे होती, त्यांत सुटे भाग एकमेकांत काहीसे सैल बसतील अशी मापे ठेवलेली होती, हेही एक होते. वाळू, चिखल, जळलेल्या दारूची काजळी यांना जायला जागा राहिली की यंत्र चालत राहते. पिस्तूल हलवून पाहिल्यावर येणारा खुळखुळाट हा सैनिकाच्या दृष्टीने दोष नव्हता.

दुसरे कारण उत्पादनाचे होते. दुसऱ्या महायुद्धात हे पिस्तूल कोल्टखेरीज टाइपरायटर बनवणारी रेमिंग्टन रँड, रेल्वेचे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नल, शॉटगन बनवणारी इथाका अशा कंपन्यांनीही बनवले, आणि युद्धकाळातील एकूण संख्या १९ लाखांच्या घरात गेली. एका कंपनीच्या पिस्तुलाची नळी दुसऱ्या कंपनीच्या पिस्तुलात कानस न लावता बसली पाहिजे, अशी लष्कराची अट होती. आघाडीवर फिटर कोठून आणणार? अशी अदलाबदल शक्य व्हायची, तर मापांत थोडी मोकळीक ठेवावीच लागते. म्हणजे सैलपणा ही कारखान्याची हयगय नव्हती, तो विचारपूर्वक केलेला सौदा होता.

युद्धानंतर हेच पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धांत उतरले आणि तिथे तो सौदा अंगाशी आला. अमेरिकेतील 'बुल्सआय' प्रकारात एका हाताने, ५० यार्डांवरून, सुमारे ३.४ इंच व्यासाच्या दहा गुणांच्या वर्तुळात गोळ्या बसवायच्या असतात. नळी दर वेळी गोळी सुटताना किंचित निराळ्या जागी स्थिरावत असेल, तर नेमबाज कितीही निष्णात असला तरी गोळ्या पसरणारच. म्हणून लष्कराच्या नेमबाजी पथकांतील शस्त्रकारागिरांनी आणि जिम क्लार्क यांच्यासारख्या नागरी कारागिरांनी ही ढिलाई काढायला सुरुवात केली. क्लार्क हे स्वतः १९५८ चे राष्ट्रीय विजेते होते, त्यामुळे आपल्या कामाचा पडताळा त्यांना दुसऱ्या कोणाकडून घ्यावा लागत नसे. कोल्टनेही १९५७ मध्ये 'गोल्ड कप' या नावाने स्पर्धेसाठी खास जुळवलेले पिस्तूल बाजारात आणले.

हे काम कसे चालते, ते ज्याने आयटीआयमध्ये फिटरचा अभ्यासक्रम केला आहे किंवा टूलरूममध्ये चार दिवस काढले आहेत, त्याला चटकन समजेल. कारागीर मुद्दाम थोडे मोठे ठेवलेले भाग घेतो. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, फ्रेमच्या, म्हणजे खालच्या मुठीकडच्या सांगाड्याच्या, ज्या दोन रुळांवर पुढेमागे सरकते, ते रूळ आणि त्यांच्या खाचा तो बारीक घासणीची पेस्ट लावून एकमेकांवर इतका वेळ चालवतो, की स्लाइड तेलावर सरकल्यासारखी जाते, पण आडवी हलत नाही. मग नळीचे तोंड ज्या कड्यात बसते ते कडे, नळीचा मागचा भाग आणि तिच्या खालचे टेकू यांची पाळी येते. निळा रंग लावायचा, भाग बसवून पाहायचा, रंग जिथे पुसला गेला असेल तिथेच कानशीचा एक हलका हात द्यायचा, पुन्हा रंग, पुन्हा बसवणे. एक फटकारा जास्त पडला तर नळी वाया जाते. चापाच्या आतील लहान पात्यांच्या कडा दगडावर घासून चाप असा केला जातो, की तो काच मोडल्यासारखा एकदम आणि स्वच्छ सुटतो. हा भाग चुकला तर पिस्तूल धोकादायक होते, म्हणून चांगले कारागीर इथे सर्वांत सावकाश काम करतात. मुठीच्या पुढच्या बाजूला एका इंचात वीस, पंचवीस किंवा तीस रेघा हाताने कोरून काढलेली चौकटींची नक्षी हाही तासन्‌तास खाणारा प्रकार आहे, आणि ती नक्षी कोपऱ्यावरही न वाकता जाते का, यावरून जाणकार कारागिराची परीक्षा करतात.

आर्कान्सा राज्यातील बेरीव्हिल या छोट्या गावात बिल विल्सन यांनी १९७७ मध्ये घरच्या दागिन्यांच्या दुकानामागे असे काम सुरू केले. ते घड्याळजी होते, हे कळल्यावर कोणालाही आश्चर्य वाटू नये. त्याच गावात २००४ पासून चालणाऱ्या नाइटहॉक या कंपनीत एक पिस्तूल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच कारागीर जुळवतो आणि मुठीच्या फळीखाली, सहसा कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी, आपली आद्याक्षरे ठोकतो. मला ही पद्धत मनापासून आवडते. परंतु आवडणे वेगळे आणि ३,००० डॉलर मोजणे वेगळे.

कारण मधल्या काळात कारखानाही पुढे गेला. संगणकाने चालणारी आजची मशीन जी मापे सहज धरून ठेवते, ती १९४३ सालच्या कारखान्याच्या आवाक्यात नव्हती. त्यामुळे जी ढिलाई काढण्यासाठी १९६० मध्ये कारागिराकडे जाणे भाग होते, तिच्यातली बरीचशी आता ९०० डॉलरच्या पिस्तुलात मुळातच नसते. मग हातकामाला काय उरते? शेवटचा पल्ला उरतो. लेस बेअर यांच्या कारखान्याचे उदाहरण घ्या. तिथली पिस्तुले ५० यार्डांवर ३ इंचांत गोळ्या बसवतील अशी हमी देऊन विकली जातात, आणि जादा पैसे भरले तर दीड इंचाची हमी मिळते. ५० यार्डांवर दीड इंच ही असामान्य गोष्ट आहे. पण ती हमी पिस्तुलाची आहे, पिस्तूल धरणाऱ्याची नाही.

आता आपल्या रविवारकडे वळतो. तीन वर्षांच्या सरावानंतर बहुतेक हौशी नेमबाजांचा दोन्ही हातांनी, २५ यार्डांवरून पडणारा गोळ्यांचा पसारा चार ते सहा इंचांचा असतो. आपला याहून चांगला असल्यास मी आधीच क्षमा मागतो. त्या पसाऱ्यात पिस्तुलाचा वाटा लहान आणि मनगटाचा, श्वासाचा व चाप ओढण्याच्या घाईचा वाटा मोठा असतो. कारखान्याचे पिस्तूल त्यातून एखादा इंच घालवत असेल, तर हातघडणीचे पिस्तूल तो इंच वाचवील आणि बाकीचे इंच आपल्याकडेच राहतील. .४५ च्या एका काडतुसाला तिकडे साधारण अर्धा डॉलर पडतो असे धरले, तर ३,००० डॉलरमध्ये ६,००० काडतुसे येतात, म्हणजे योगायोगाने १९११ च्या त्या चाचणीत झाडली तितकीच. एका जाणत्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली झाडलेल्या ६,००० गोळ्या आपल्या नेमाला जे देतील, ते कोणत्याही कारागिराच्या कानशीला देता येणार नाही.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही. फार घट्ट जुळवलेले पिस्तूल सुरुवातीला कुरकुरते. पहिल्या पाचशेएक गोळ्या भाग एकमेकांना सरावेपर्यंत खर्ची पडतात, तेल आणि सफाई वेळच्या वेळी करावी लागते, आणि पुढे नळी किंवा काडतूस खेचून काढणारा आकडा बदलायची वेळ आली, तर बाजारातला तयार भाग आणून बसवता येत नाही. पिस्तूल पुन्हा कारागिराकडेच पाठवावे लागते. सुटे भाग आपापसांत बदलता यावेत यासाठी शस्त्रांच्या कारखान्यांनी शतकभर जी खटपट केली, ती इथे पैसे देऊन उलटवलेली असते. स्पर्धेच्या नेमबाजाला ते परवडते, कारण त्याला त्या बदल्यात गुण मिळतात.

राहिला प्रश्न किंमत न उतरण्याचा. ज्यांच्याकडे कामासाठी मोठी प्रतीक्षायादी असते, अशा मोजक्या नामवंत कारागिरांची पिस्तुले कागदपत्रांसह, फारशी न वापरता ठेवली, तर त्यांचे बहुतेक पैसे परत येतात, क्वचित वाढूनही येतात. बाकीच्यांचे तसे होत नाही. गावातल्या कारागिराकडून साध्या पिस्तुलावर दीडदोन हजार डॉलरचे काम करून घेतले आणि ते विकायला काढले, की गिऱ्हाईक मूळ पिस्तुलाची किंमत विचारतो आणि वर थोडेफार देतो. नाव नसेल तर घडणावळ बुडते. आणि संग्राहकांच्या बाजारात तर न्याय पुरता उलटा आहे. युद्धकाळातील जी पिस्तुले पुढे कोणीतरी हौसेने घट्ट करून, नवे नेमकाटे बसवून 'सुधारली', त्यांच्यापेक्षा तशीच खुळखुळत राहिलेली, मूळ रंगाची पिस्तुले आज महाग जातात.

याचे सर्वांत गमतीचे उदाहरण आपल्या घराघरांतल्या एका नावाचे आहे. शिलाई यंत्रे बनवणाऱ्या सिंगर कंपनीने युद्धाच्या तोंडावर, उत्पादनाची तयारी अजमावण्यासाठी मिळालेल्या सरकारी मागणीनुसार, या पिस्तुलाचे फक्त ५०० नग बनवले आणि मग तिच्याकडे दुसरी कामे सोपवण्यात आली. ही पिस्तुले पूर्णपणे कारखान्याची, लष्करी मापाची आहेत. तरी त्यांतली सुस्थितीतील पिस्तुले लिलावात एक लाख डॉलरच्याही पुढे गेली आहेत. दैव असे, की याच सिंगरच्या शिलाई यंत्रांचे भाग १८८० च्या सुमारापर्यंत कामगार कानशीने घासून बसवत असत. त्या काळच्या एखाद्या हाताने जुळवलेल्या यंत्राला आज कोणी असे पैसे देत नाही. बाजार पैसे देतो ते दुर्मिळतेला, नावाला आणि अस्सलपणाला. हातकाम या तिन्हींपैकी कशाशी जोडलेले असेल तरच त्याचा भाव लागतो.

म्हणून माझा सल्ला ९०० डॉलरच्या पिस्तुलाचा आहे. दोन वर्षांनी आपण ५० यार्डांवरच्या स्पर्धांत उतरलात आणि पिस्तूल आपल्याला मागे खेचते आहे असे गुणफलकच सांगू लागला, तर चांगले जुळवलेले पिस्तूल जरूर घ्या. आणि निव्वळ सुंदर वस्तू जवळ असावी म्हणून घ्यायचे असेल, तर त्यातही गैर काही नाही. पैठणी नेसणाऱ्याला कोणी ती परत विकून किती येतील हे विचारत नाही. फक्त पत्नीला ती गुंतवणूक आहे असे सांगू नका.

जाता जाता एक कायद्याची बाब. आपण नोकरीनिमित्त राहतो असे लिहिले आहे. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने पिस्तूल विकत घेणे, इतकेच नव्हे तर बाळगणेही सामान्यतः मना आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे थोडेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही आडकाठी नाही. आपण कोणत्या वर्गात बसता, हे दुकानात जाण्यापूर्वी, आणि मित्राचे पिस्तूल पुन्हा हाती घेण्यापूर्वीही, वकिलाकडून समजून घ्यावे.

प्रश्न : आजोबांचे .३२ बोअरचे, बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे पिस्तूल वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आले आहे. रंग जागोजागी उडाला आहे. एका ओळखीच्या कारागिराने ते आतून घट्ट करून, बफ मारून, नवा काळा रंग चढवून देतो म्हटले आहे. तसे केल्याने किंमत वाढेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वाढणार नाही, आणि आपण अडचणीत याल.

आपले पिस्तूल हे त्या काळचे सरळ कारखान्याचे उत्पादन आहे. याच धाटणीचे .३२ बोअरचे वेब्ली पिस्तूल लंडनच्या पोलिसांनी १९११ मध्ये स्वीकारले होते. परदेशात अशी जुनी पिस्तुले काही शे डॉलरना मिळतात. आपल्याकडे त्यांचे भाव लाखांत सांगितले जातात, ते कारागिरीमुळे नव्हे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसाधारण परवानाधारकाला परदेशी पिस्तूल आयात करणे बंद झाले, आणि त्यामुळे देशात आधी आलेली पिस्तुलेच हातोहात फिरत राहिली. माल तेवढाच आणि मागणी वाढती, असा हा भाव आहे. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली, तेव्हा काहींना तिसरे शस्त्र जमा करावे किंवा विकावे लागले, तरीही मूळ टंचाई काही संपली नाही.

अशा वस्तूवर नवा रंग चढवणे म्हणजे जुन्या तांब्याच्या भांड्यावरचे कोरीव नाव कल्हईवाल्याकडून घासून घेण्यासारखे आहे. बफच्या चाकाखाली कडा गोल होतात, कारखान्याचे शिक्के फिके पडतात, आणि मुख्य म्हणजे क्रमांक पुसट होतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या आठव्या कलमानुसार शस्त्रावरील ओळखीच्या खुणा पुसणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे, आणि पुसलेल्या क्रमांकाचे शस्त्र ज्याच्याजवळ सापडते, त्याच्यावरच प्रथम संशय येतो. शिवाय दुरुस्ती करण्यासाठीही त्याच कायद्याखालचा परवाना लागतो. 'ओळखीचा कारागीर' एवढ्यावर भागत नाही. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे नेऊन, आतील स्प्रिंगा तपासून, हलके तेल लावून घ्यावे आणि उडालेला रंग तसाच राहू द्यावा. आजोबांच्या हाताने झिजलेली मूठ नव्या रंगापेक्षा खचितच अधिक बोलते. अर्थात हे माझे मत झाले, कायद्याचे नव्हे.

प्रश्न : माझी मुलगी १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात जिल्हा पातळीवर खेळते. प्रशिक्षक म्हणतात, की तयार पिस्तूल घ्या पण मूठ हाताने घडवून घ्या. हा खर्च आवश्यक आहे का?
— एक पालक, सांगली

उत्तर : होय. या सदरातील पहिल्या उत्तराशी हे विसंगत वाटेल, पण तसे नाही.

स्टायर किंवा मोरिनी यांसारख्या कंपन्यांची स्पर्धेची एअर पिस्तुले कारखान्यातूनच इतकी अचूक येतात, की त्यांच्या नळीत कोणत्याही कारागिराने हात घालण्याचे कारण नाही. १० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते, आणि यंत्रात घट्ट आवळून झाडले तर ही पिस्तुले त्याच्या कितीतरी आत छर्रे बसवतात. कारखान्याला जे मोजता येत नाही ते म्हणजे आपल्या मुलीचा तळहात. तो तयार मुठीत कुठेतरी पोकळ राहतो, कुठेतरी दाबला जातो, आणि साठाव्या गोळीपर्यंत त्या दाबाने पिस्तूल हळूहळू एका बाजूला ओढले जाते. म्हणून अक्रोडाच्या लाकडाची मूठ हाताच्या मापाने कोरतात, पोकळ जागी लाकडी पुट्टी भरतात, टोचणारी जागा घासून काढतात, आणि हे काम एका बैठकीत संपत नाही. वाढत्या वयाच्या मुलीच्या बाबतीत तर ते दर वर्षी थोडे थोडे करावे लागेल, म्हणून सुरुवातीलाच फार महागडी मूठ करून घेऊ नका.

दोन नियम मूठ घडवणाऱ्याला आधी सांगून ठेवावेत. संपूर्ण पिस्तूल, मुठीसकट, ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे, आणि मुठीचा कोणताही भाग मनगटाला आधार देता कामा नये. तळहाताखालची फळी हौसेने रुंद केल्यामुळे शस्त्रतपासणीच्या टेबलावर मूठ तासावी लागलेली मुले मी पाहिली आहेत. चापाचा भारही तिथेच ५०० ग्रॅमच्या वजनावर तपासतात.

आणि पिस्तुलाबरोबर आलेल्या मूळ मुठीला हात लावू नका. ती कागदात गुंडाळून पेटीतच ठेवा. हे पिस्तूल पुढे विकाल तेव्हा घेणाऱ्याला आपल्या मुलीच्या हाताचे माप नको असेल.